पत्त्याचे पहिले अंक आणि वाटांची यादी



वऱ्हाडातील कोणत्याही गावी आलेले पत्र हाती घेतले, तर पत्त्याच्या शेवटी सहा अंक आढळतात. अकोल्याचे ४४४००१, अमरावतीचे ४४४६०१, अकोटचे ४४४१०१, अचलपूरचे ४४४८०६. पत्र लिहिणारा हे अंक सवयीने लिहितो आणि विसरून जातो. टपालाची वर्गवारी करणारा कर्मचारी मात्र सर्वांत आधी तेच वाचतो. कोलकात्याच्या वर्गीकरण कार्यालयातील माणसाला अकोट कोठे आहे हे ठाऊक असण्याचे कारण नाही. पहिले तीन अंक पाहिले, की पत्र कोणत्या थैलीत जावयाचे हे त्याला कळते. उरलेले तीन अंक वाचण्याचे काम पुढच्यांचे असते.

आज तालुक्याच्या कचेरीतून व ग्रामपंचायतीच्या कार्यालयातून जी माहिती संगणकाच्या जाळ्यावरून जाते येते, तिची वाट ठरविण्याची रीत तत्त्वतः हीच आहे. त्या वाटा कोणत्या यादीने मान्य किंवा अमान्य होतात आणि यादीत चूक झाली तर काय घडते, हे समजून घेणे केवळ तंत्रज्ञांचे काम राहिलेले नाही. जन्ममृत्यूच्या दाखल्यापासून सातबाऱ्यापर्यंतची अनेक कामे ज्या गावात या जाळ्यावर अवलंबून आहेत, त्या गावाच्या कारभाऱ्यांनाही त्याची ओळख असावयास हवी.

सहा अंकांची व्यवस्था

पिन या नावाने ओळखली जाणारी ही व्यवस्था १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात सुरू झाली. तिची आखणी करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील मराठी अधिकारी होते. संस्कृत कवी म्हणूनही त्यांची ख्याती होती. देशात एकाच नावाची गावे पुष्कळ, पत्ते लिहिण्याच्या लिपी अनेक आणि अक्षरे नाना वळणांची. अशा स्थितीत नावापेक्षा अंकांवर विसंबणे अधिक सुरक्षित, हा विचार त्यामागे होता.

वऱ्हाडाला या विचाराचे मोल विशेष कळावे. विदर्भातील अकोला वेगळे आणि अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले वेगळे. वाशीम जिल्ह्यात एक मालेगाव आहे, नाशिक जिल्ह्यात दुसरे. खुद्द अमरावती जिल्ह्यात चांदूर रेल्वे आणि चांदूर बाजार अशी दोन चांदुरे आहेत, आणि अमरावती नावाचे नगर आंध्र प्रदेशातही आहे. अकोले गावाचा पिन ४२२६०१ आहे. तो अमरावतीच्या ४४४६०१ शेजारी ठेवून पाहावा. शेवटचे तीन अंक तंतोतंत सारखे, तरीही दोन्ही गावांचा परस्परांशी काही संबंध नाही. याचे कारण असे, की या संख्येचा अर्थ डावीकडून उजवीकडे उलगडत जातो. पहिला अंक देशाचा विभाग दाखवितो, दुसरा उपविभाग, तिसरा वर्गीकरणाचा जिल्हा आणि शेवटचे तीन मिळून प्रत्यक्ष वाटप करणारे टपाल कार्यालय. आरंभ जुळला नाही तर शेवट जुळण्याला काही अर्थ उरत नाही.

आरंभ किती अंकांचा धरावयाचा, हा यापुढचा प्रश्न. ४४४ एवढेच पाहिले तर अकोला आणि अमरावती एकाच थैलीत पडतात. एवढेच नव्हे, वाशीम त्यात येते आणि बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव व खामगावही येतात. खुद्द बुलढाणा शहर मात्र ४४३ मध्ये आणि यवतमाळ ४४५ मध्ये जाते. म्हणजे टपालाची हद्द आणि महसुलाची हद्द एक नव्हे. आता चौथा अंकही विचारात घ्यावा. अकोल्याचा चौथा अंक ०, अकोटचा १, शेगावचा २, खामगावचा ३, मंगरूळपीरचा ४, वाशीमचा ५. पुढे अमरावतीचा ६, बडनेऱ्याचा ७, अचलपूरचा ८ आणि वरुडचा ९. एक अंक अधिक वाचताच एका थैलीच्या दहा थैल्या झाल्या. आरंभ आखूड ठेवला तर प्रदेश मोठा होतो, आरंभ लांबविला तर प्रदेश लहान व नेमका होतो. पुढील सर्व विवेचनाचा पाया हाच आहे.

दूरध्वनीच्या क्रमांकांतही हेच दिसते. अमरावतीचा संकेतांक ०७२१, अकोल्याचा ०७२४, यवतमाळचा ०७२३२, वाशीमचा ०७२५२, बुलढाण्याचा ०७२६२. पाचही जिल्ह्यांच्या मुख्य ठिकाणांचा आरंभ ०७२ असाच आहे.

संगणकजालातील पत्ता

संगणकांच्या जाळ्यात प्रत्येक यंत्राला अंकांचा पत्ता असतो. प्रचलित पद्धतीत तो बत्तीस द्विमान अंकांचा असून वाचण्याच्या सोयीसाठी चार संख्यांत लिहितात, उदाहरणार्थ १०.४४.४०.७. या चारांपैकी प्रत्येक संख्या आठ द्विमान अंकांची, म्हणून ० ते २५५ यांच्या दरम्यान असते. वाट ठरविणाऱ्या यंत्राला राऊटर म्हणतात. जगातील प्रत्येक पत्त्याची स्वतंत्र नोंद ठेवणे राऊटरला अशक्य आहे, म्हणून तो पत्त्यांच्या गटांची नोंद ठेवतो. गट सांगण्यासाठी दोन गोष्टी लागतात : आरंभीची संख्या आणि त्या आरंभाची लांबी. १०.४४.०.०/१६ याचा अर्थ, पहिले सोळा द्विमान अंक जुळले की तो पत्ता या गटातला. तिरप्या रेघेपुढील आकडा लांबी दाखवितो.

समजुतीसाठी एक कल्पित मांडणी घेऊ. १०.४४.०.०/१६ हा गट अमरावती विभागाला दिला आहे असे मानावे. विभागात पाच जिल्हे आहेत. लांबी तीन अंकांनी वाढवून १९ केली तर या गटाचे आठ समान भाग पडतात. पहिला १०.४४.०.०/१९ अकोल्याला, दुसरा १०.४४.३२.०/१९ अमरावतीला, त्यापुढील तीन अनुक्रमे बुलढाणा, वाशीम व यवतमाळ यांना द्यावे. तीन भाग शिल्लक राहतात. प्रत्येक जिल्ह्याच्या वाट्याला ८,१९२ पत्ते येतात. जिल्ह्याच्या भागाचे पुन्हा /२४ लांबीचे बत्तीस तुकडे होतात आणि प्रत्येकात २५६ पत्ते असतात. अमरावती जिल्ह्यातील चौदा आणि अकोला जिल्ह्यातील सात तालुक्यांना प्रत्येकी एक तुकडा देऊन दोन्हीकडे बरेच उरतात. मेळघाटातील धारणीला १०.४४.४०.०/२४ मिळाला असे समजू.

राऊटरकडे एकाच पत्त्यासाठी आखूड व लांब अशा दोन नोंदी असतील, तर तो लांब नोंद निवडतो. वर्गीकरणाच्या खोलीत ४४४ ची एक थैली आणि ४४४८ ची दुसरी थैली टांगलेली असेल, तर अचलपूरचे पत्र दुसरीत टाकावे हे कोणीही सांगेल. अधिक नेमके सांगणारी नोंद श्रेष्ठ, हा नियम व्यवहाराला धरून आहे. त्यातील धोका मात्र पुढे ध्यानात येईल.

दोन प्रकारच्या याद्या

राऊटर आपल्याजवळच्या वाटा शेजारच्या राऊटरला कळवितात. शेजाऱ्याने कळविलेली प्रत्येक वाट निमूटपणे स्वीकारणे धोक्याचे असते. यास्तव दाराशी एक यादी लावतात : अमुक वाटा घ्याव्यात, तमुक नाकाराव्यात. अशा याद्या दोन प्रकारच्या. जुन्या प्रकारास ॲक्सेस लिस्ट म्हणतात, पुढील काळात आलेल्या प्रकारास प्रीफिक्स लिस्ट.

ॲक्सेस लिस्ट मुळात वाटांसाठी नव्हती. जाणारी येणारी माहिती कोणत्या पत्त्यावरून निघाली हे पाहून तिला आत सोडावे की अडवावे, हे ठरविण्यासाठी ती होती. एखाद्या कचेरीच्या दारावरील शिपायाने आगंतुकाचे गाव विचारावे, तसे तिचे काम. पुढे तीच वाटा तपासण्यासही वापरात आली. परंतु तिच्या साध्या रूपाला वाटेची आरंभसंख्या तेवढी दिसते, लांबी दिसत नाही. १०.४४.३२.० ही संख्या मान्य करा असे तिला सांगितले, तर १०.४४.३२.०/१९ ही सबंध जिल्ह्याची वाट ती स्वीकारील आणि त्याच संख्येपासून सुरू होणारी १०.४४.३२.०/२४ ही एका तालुक्याची वाटही तितक्याच सहजपणे स्वीकारील. दोहोंतील भेद तिच्या नजरेस येत नाही. पोस्टातील माणसाने ४४४ पाहिले, पण त्यापुढे अंक आहेत की नाहीत याकडे पाहिलेच नाही, असा हा प्रकार आहे. विस्तारित स्वरूपाच्या ॲक्सेस लिस्टने लांबीही तपासता येते. तथापि तो नियम वाचावयास अवघड होतो, आणि जे वाचावयास अवघड ते चुकावयास सोपे असते.

प्रीफिक्स लिस्ट ही उणीव दूर करते. ती आरंभही पाहते आणि लांबीही पाहते. १०.४४.३२.०/१९ एवढेच लिहिले तर अगदी त्याच लांबीची वाट मान्य होते. त्याला 'कमाल लांबी २४' अशी जोड दिली, तर त्या जिल्ह्याच्या हद्दीतील १९ पासून २४ पर्यंतच्या लांबीच्या सर्व वाटा मान्य होतात; त्याहून बारीक तुकडे नाकारले जातात. किमान लांबीही अशीच सांगता येते. म्हणजे कोणाचा प्रदेश आणि त्याचे किती बारीक तुकडे, हे दोन्ही प्रश्न एकाच ओळीत सुटतात.

यावरून कोणी असे समजू नये, की जुनी यादी टाकाऊ झाली. कोणत्या पत्त्यावरील माहिती आत यावी हे ठरविण्याचे तिचे मूळ काम ती आजही चोख बजावते. माणसाची चौकशी करणारा शिपाई आणि रस्त्याचा नकाशा तपासणारा ओव्हरसिअर या दोघांची कामे भिन्न आहेत. एकाकडून दुसऱ्याचे काम करवून घेतले, तर दोष त्या माणसाचा नसतो.

क्रम आणि मौन

दोन्ही याद्यांना लागू पडणारे दोन नियम विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहेत.

पहिला नियम क्रमाचा. यादी वरून खाली वाचली जाते आणि पहिली जुळलेली ओळ अंतिम ठरते. विभागातील सर्व वाटा घ्या, असे पहिल्या ओळीत लिहिले आणि त्यांतील एक सदोष वाट घेऊ नका, असे दुसऱ्या ओळीत लिहिले, तर दुसऱ्या ओळीपर्यंत ती वाट पोहोचतच नाही. अपवाद आधी लिहावा, सर्वसाधारण नियम मागून. प्रीफिक्स लिस्टमधील ओळींना ५, १०, १५ असे अंतर ठेवून क्रमांक देण्याची प्रथा आहे. पुढे एखादी ओळ मध्ये घालावी लागली, तर जागा असावी हा त्यामागील हेतू.

दुसरा नियम मौनाचा. यादीतील कोणतीच ओळ जुळली नाही, तर ती वाट नाकारली जाते. हा नकार यादीत लिहिलेला नसतो. शेवटी एक अदृश्य ओळ गृहीत धरलेली असते : बाकी सर्व अमान्य. सुरक्षिततेच्या दृष्टीने हा नियम योग्यच आहे. अनोळखी वाटेपेक्षा बंद दार बरे. पण त्याची एक बाजू विसरता येत नाही. समजा, यादी करणाऱ्याने अमरावतीसाठी १०.४४.३२.०/१९ एवढीच ओळ लिहिली आणि कमाल लांबी लिहावयाची राहिली. जिल्हा आपल्या वाटा तालुकावार /२४ लांबीने कळवीत असेल, तर त्या चौदाही वाटा बाहेर राहतील. यादीवर अमरावतीचा अंक स्पष्ट लिहिलेला आहे, वाचणाऱ्याला ती बरोबर वाटते, आणि धारणीच्या कचेरीतील पडद्यावर मात्र काहीच उमटत नाही. धारणीला नकार द्यावा असे कोणाच्याही मनात नव्हते, कोणी तसे लिहिलेही नव्हते. तरी नकार मिळाला.

कारभारात वावरणाऱ्यांना ही स्थिती अनोळखी नाही. लाभार्थ्यांच्या यादीत नाव नसलेला माणूस कचेरीत येतो, तेव्हा त्याचा अर्ज कोणी फेटाळलेला नसतो. तो यादीत नसतो, इतकेच. फेटाळल्याचा कागद असता तर त्यावर दाद मागता आली असती. गळलेल्या नावाविरुद्ध दाद कोणाकडे मागावी? यादी करणाऱ्याची जबाबदारी आत घेतलेल्यांपुरती नसते, राहून गेलेल्यांविषयीही असते. यंत्राच्या यादीला हे जितके लागू आहे, तितकेच कागदाच्या यादीलाही आहे.

सैल यादीचा परिणाम

अती कडक यादीने एखादा तालुका तुटतो. अती सैल यादीने काय होते, याचे प्रसिद्ध उदाहरण २४ फेब्रुवारी २००८ चे आहे. पाकिस्तानात यूट्यूब बंद करण्याचा सरकारी आदेश निघाला. तेथील दूरसंचार कंपनीने त्यासाठी २०८.६५.१५३.०/२४ ही वाट आपल्या जाळ्यात घोषित केली, जेणेकरून त्या पत्त्यांकडे जाणारी मागणी देशातल्या देशात संपावी. ती घोषणा चुकून देशाबाहेर गेली. हाँगकाँगच्या ज्या मोठ्या जाळ्याशी ती कंपनी जोडलेली होती, त्याने ती न तपासता स्वीकारली आणि जगभर पुढे पाठविली. यूट्यूबची स्वतःची घोषणा २०८.६५.१५२.०/२२ अशी, म्हणजे आखूड आरंभाची होती. अधिक लांब नोंद श्रेष्ठ, या नियमानुसार राऊटरांनी चुकीची वाट उचलली आणि सुमारे दोन तास जगाच्या मोठ्या भागात यूट्यूब दिसेनासे झाले. यूट्यूबला आपल्याच पत्त्यांचे आणखी बारीक, /२५ लांबीचे तुकडे घोषित करावे लागले. पुढे हाँगकाँगच्या जाळ्याने ती चुकीची वाट मागे घेतली तेव्हा स्थिती पूर्ववत झाली.

या प्रकारात कोणतेही यंत्र बिघडले नव्हते. प्रत्येक राऊटरने नियमानुसारच काम केले. उणीव होती ती हाँगकाँगच्या दाराशी लावावयाच्या एका यादीची : या ग्राहकाकडून त्याच्या स्वतःच्या पत्त्यांच्या वाटाच घ्याव्यात. वऱ्हाडाच्या कल्पित मांडणीत हीच गोष्ट अशी दिसेल. यवतमाळच्या बाजूने कोणी हातचुकीने १०.४४.४०.०/२५ ही वाट कळविली, तर धारणीच्या २५६ पत्त्यांपैकी निम्म्यांची माहिती यवतमाळकडे वळेल. यवतमाळच्या दाराशी फक्त यवतमाळचा भाग आणि कमाल लांबी २४ अशी ओळ असेल, तर ती चूक दारातच थांबेल. विभागातील सर्व काही घ्या, लांबी कितीही असो, अशी सैल ओळ असेल, तर ती आत शिरेल आणि धारणीच्या लोकांना कारण कळावयास वेळ लागेल.

गावाच्या दृष्टीने

१९७६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने पुढील दशकात देशातील जिल्हा कार्यालये संगणकजालाने जोडण्याचे काम हाती घेतले. २०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट असे नाव मिळालेल्या योजनेने ग्रामपंचायतीपर्यंत तंतुवाहिनी नेण्याचे उद्दिष्ट ठेवले. खांब, तार आणि पेटी डोळ्यांना दिसतात, म्हणून त्यांची पाहणी होते. यादी डोळ्यांना दिसत नाही. तार शाबूत असूनही काम बंद पडते तेव्हा गावात सहसा तारेलाच दोष दिला जातो.

पंचायत सदस्याने यादी स्वतः लिहावी अशी अपेक्षा कोणी करणार नाही. त्याने आणि अधिकाऱ्याने चार प्रश्न विचारावेत, एवढे पुरे. यादीत आपल्या गावाचा किंवा तालुक्याचा आरंभ आहे काय? त्याची लांबी नेमकी लिहिली आहे काय, की आखूड राहून शेजारचाही प्रदेश आत आला आहे? अपवाद सर्वसाधारण नियमाच्या आधी आहे काय? आणि यादी बदलण्यापूर्वी, या बदलाने कोणती वाट गळेल हे कोणी तपासले आहे काय? नाकारलेल्या वाटांची नोंद ठेवण्याची व ती रोज वाचण्याची व्यवस्था असली, तर मौनातील नकारही कागदावर येतो आणि दुरुस्त करता येतो.

शिक्षकांनाही येथे एक सोपा धडा हाती लागतो. वर्गातील मुलांना आपल्या गावाचा आणि शेजारच्या पाच गावांचा पिन लिहावयास सांगावे. किती अंकांपर्यंत ते सारखे आहेत आणि कोणत्या अंकापाशी फुटतात हे मुलांनीच शोधावे. अकोटच्या मुलाला तेल्हाऱ्याचा ४४४१०८ आपल्या किती जवळचा आणि वरुडचा ४४४९०६ किती दूरचा हे फळ्यावर दिसेल. महाजालातील वाटा कशा निवडल्या जातात, याचे पहिले पाठ त्याला पाटीपेन्सिलीवरही शिकता येतील.

टपाल असो वा संगणकजाल, पत्ता वाचणारा कितीही दूर असला तरी त्याला गावाची ओळख असावी लागत नाही. पहिले अंक बरोबर असावे लागतात आणि ते तपासणारी यादी काळजीपूर्वक केलेली असावी लागते. धारणीच्या कचेरीत दाखल्यासाठी ताटकळणाऱ्या माणसाला प्रीफिक्स लिस्ट हा शब्द कधी ऐकूही येणार नाही. त्याचे काम त्या दिवशी होते की नाही, हे मात्र पुष्कळदा दूर बसून कोणी लिहिलेल्या त्या एका ओळीवर ठरते. ती ओळ लिहिणाऱ्याने आणि तिला मंजुरी देणाऱ्याने त्या माणसाला विसरू नये.